वरचे एकतीस

१ जानेवारी २०२५, बुधवार

पोरगा अजित, त्याचा गुडघा कसा? — बरा, पण उसाच्या फडात उकिडवं बसवत नाही. सून वृषाली, तिचं पित्त? — "तुमच्या चौकश्यांनीच खवळतंय, तात्या!" म्हणजे ठणठणीत. गोठ्यातली म्हैस? — खाते, पिते, शिंगं रोखून बघते. चिंचवडची लेक अनिता? — रविवारी फोनवर नाक चोंदलेलं होतं, म्हणाली धुळीनं. खालच्या वस्तीतल्या मालनबाई? — कंबर धरलीय, तोंड सुटलेलं आहे. आणि मी? — चौऱ्याहत्तर. दम लागत नाही. राग लागतो.

नवी वही उघडली की आधी सगळ्यांची विचारपूस, ही जुनी खोड. पस्तीस वर्षं गावचं पाणी सोडलं. चाव्या फिरवत दारोदार विचारत जायचो — बरं हाय का? चौथी पास माणसाला दुसरं काय येतं!

आता रागाचं कारण. आज टेम्पोतून काळा दगड आला. पारासमोर, माझ्या फळ्याच्या बरोबर तोंडापुढं बसवणार. सरपंच शंभूराज स्वतः उभा राहून उतरवून घेत होता — "हळू, हळू, कोपरा टवकेल!" मी वाकून वाचलं. वर सोनेरी अक्षरात — 'कोरोनावर मात करणारे गाव'. खाली — 'महामारीत दिवंगत झालेल्या सात ग्रामस्थांच्या स्मरणार्थ'. मग सात नावं. सव्वीस जानेवारीला फडकं काढणार.

सात!

अरे, सात तर त्या वर्षी माझ्या एका आठवड्याच्या फळ्यावर मावले नव्हते!

२ जानेवारी

दिवसभर तोच आकडा दाढेत अडकलेल्या उसाच्या चोयटीसारखा. जीभ तिथंच जाते.

५ जानेवारी, रविवार

पेटी उघडली. फळ्याच्या वह्या काढल्या. चौतीस!

गावात माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी राख सावडायला भावकी, सोयरे, गाव जमतं. त्याची वेळ पाराजवळच्या फळ्यावर लागते. पहाटे पाण्याला मीच जायचो, म्हणून खडू माझ्या हाती आला तो आजपर्यंत. 'अमुक यांचे दुःखद निधन. सावडणे शुक्रवारी सकाळी साडेसात.' आता सगळं मोबाइलवर येतं, तरी घरचे म्हणतात — तात्या, फळ्यावर आल्याबिगर गेल्यासारखं वाटत न्हाय. फळा पुसायच्या आधी मी वहीत उतरवून घेतो. लोक वर्षश्राद्धाला येतात ना विचारत — आमच्या म्हातारीची तिथी कुठली? पोटच्या पोरांना आठवत नाही, माझ्या वहीला आठवते.

बसलो ओटीवर. फक्त एप्रिल आणि मे, एवढेच दोन महिने मोजले. २०१० पासून २०१९ पर्यंत — पाच, आठ, सहा, सात, नऊ, सात, सहा, आठ, सात, सात. दहा वर्षांचे मिळून सत्तर. म्हणजे सालाला सात. उन्हाळ्याचे सात म्हातारे-कोतारे जातातच, पिकली पानं.

मग २०२१ ची वही. एप्रिल आणि मे.

अडतीस.

तीनदा मोजले. अडतीस! एका पानावर चार-चार सावडणी. माझंच अक्षर वाकडं होत गेलेलं. दर सालचे सात वजा केले. एकतीस उरले. हे वरचे एकतीस आले कुठून? आणि दगडावर सात!

त्या अडतिसांत माझी रंगूही आहे. २ मे. पण ती झटक्यानं गेली, एका रात्रीत. ती दर सालच्या सातांतली. ते वेगळं.

६ जानेवारी

शंभूराजला पंचायतीत गाठलं. पांढरा शर्ट, दोन मोबाइल, चहा पुढं. नातवाच्या वयाचा. वाईट नाही पोरगा, पण दगड त्याच्या डोक्यात गेलाय.

म्हणालो, "शंभू, सात न्हाईत. वरचे एकतीस हायेत."

"वरचे म्हंजे? माळ्यावरचे?" सगळे हसले.

मी वही उघडली. सरासरी सांगितली. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला, "तात्या, सरकारी यादीत जी नावं हायेत ती घेतली. माझ्या मनचं एक बी न्हाय. आन् ही सरासरी का काय ती काढायला शिकलेला माणूस लागतो. तुमी पाण्याचे!"

"पाण्याचा म्हणूनच सांगतो. टाकीत किती येतं आन् किती जातं, मला कळतं."

"बरं. मग एकतीस नावं द्या. दगडावर आकडा कोरत न्हाईत, नावं कोरत्यात. द्या, मी फडकं काढायच्या आत कोरून घेतो. शब्द!"

पोरानं मला बरोबर खिंडीत धरलं. अडतीस नावं आहेत माझ्याकडं. त्यांतले एकतीस कोणते आणि सात कोणते?

वाटेत सगळ्या गावाला शिव्या घातल्या. मनात. दोन तोंडावाटे निसटल्या, त्या अजितनं ऐकल्या.

९ जानेवारी, गुरुवार

शिकलेला माणूस पाहिजे काय? आहे! खालच्या वस्तीतली करुणा. मालनबाईंची नात. बारामतीला संख्याशास्त्र शिकते, सुट्टीला आलीय. वह्या पिशवीत घातल्या आणि गेलो.

मालनबाई ओट्यावर पावटा सोलत होत्या. साहेबरावांचा फोटो भिंतीवर, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी. साहेबराव एसटीत मेकॅनिक. माझा दोस्त. तीस वर्षं याच ओट्यावर त्यांच्याबरोबर चहा प्यालो. एकवीसच्या एप्रिलमध्ये बारामतीच्या दवाखान्यात गेले. दगडावरचं पहिलं नाव त्यांचं.

करुणानं वह्या पाहिल्या आणि पोरीचे डोळेच मोठे झाले. "तात्या, हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून केलं?" कुणाच्या म्हणजे? डोक्याच्या! ती म्हणाली, मोठमोठे अभ्यासक हेच करतात. साथीत किती गेले हे दवाखान्याच्या यादीवरून कळत नाही. तपासणी झाली नाही तो यादीत नाही. म्हणून एरवी किती जातात ते बघायचं, साथीत किती गेले ते बघायचं, आणि वजा करायचं. म्हणाली, "बरं केलंत, सरासरीत २०२० घेतलं नाहीत. त्या सालीही रोग होता."

छाती दोन बोटं फुगली माझी. खोटं कशाला बोलू!

आणि मग मालनबाईंनी टाचणी लावली. पावटा सोलता सोलता, मान वर न करता —

"तात्या, त्या वहीत आमचे साहेबराव हायेत का?"

मी पान उलटलं. मागं उलटलं. पुढं उलटलं.

"न्हाईत ना? असनार कसे! आमी राख सावडत न्हाय, दहावं घालत न्हाय. तुमचा फळा सावडण्याचा. चौतीस वर्षांत आमच्या वस्तीतलं मेलंच न्हाय कोन, व्हय? अमर हाय जनू आमी!"

करुणा म्हणाली, "आजी, राहू दे."

"का राहू दे? चहा हितं पीत होता दोस्त, पर फळ्यावर दोस्ताला जागा न्हवती."

तीस वर्षांत कधी डोक्यातच आलं नाही. शंभूराजला सात म्हणून शिव्या घातल्या, आणि माझ्या चौतीस वह्यांतून एक अख्खी वस्ती गळालेली!

मालनबाई उठल्या, कंबर धरून. विहारातली वही आणून पुढ्यात टाकली. माणूस गेल्यावरच्या जलदान विधीच्या नोंदी त्यांच्याकडं असतात. एप्रिल-मेला एरवी एखादं माणूस. एकवीसला सहा.

"सहांतले चार दगडावर हायेत," त्या म्हणाल्या. "का म्हाइताय? माझ्या लेकानं, संघपालनं, सगळ्या वस्तीला गाडीत घालून तपासायला नेलं. तपासलं म्हनून सापडलं. सापडलं म्हनून लिवलं. वरच्या आळीतलं कोनी तपासलंच न्हाय. आन् चार वर्षं ऐकतोय आमी — रोग खालच्या वस्तीनं आनला! तळ्यावर ऐकलं, डेअरीवर ऐकलं. आता दगडावर वाचायचं. सातांत चार आमचे. शाळेतलं पोरगं बी मोजील."

घरी येताना वह्या जड वाटल्या.

१० जानेवारी

अजितला असं समजावलं: म्हैस रोज सात लिटर देते. एक दिवस डेअरीत अडतीस लिटर नेलं तर डेअरीवाला विचारील ना, वरचं एकतीस कशाचं? अजित म्हणाला, "विचारील कसला, हाकलूनच दील." मग गावाला का नाही कोणी विचारलं!

करुणाला विचारलं, त्यातलं पाणी कोणतं आणि दूध कोणतं, वेगळं करता येतं का? म्हणाली, "नाही, तात्या. आकडा कळतो. माणूस कळत नाही."

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

वृषालीनं तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या. वांगं, पावटा, गाजर, हरभरा, सगळं घालून भाजी. लोण्याचा गोळा. रंगू असती तर म्हणाली असती, "मीठ कमी हाय," आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या असत्या.

अनिताचा फोन. सर्दी गेलेली नाही. आलं-गूळ घे म्हणालो. इकडचं तिकडचं झालं, आणि मग नेहमीचं. चार वर्षं दर सणाला हेच विचारते.

"तात्या, आई खरंच एका रात्रीत गेली?"

"व्हय."

"आधी काहीच न्हाय? ताप, खोकला?"

"झटका होता, बाळा. झटक्याला आधी काय असतं?"

"मला एकदा तिचा आवाज ऐकायचा होता, एवढंच. मी रात्रीत गाडी करून आले असते."

मी म्हणालो, भाकरी गार होतेय. ठेवला.

वृषाली ताट वाढत होती. माझ्याकडं बघितलं नाही. भाकरी मात्र जरा आपटूनच वाढली.

१६ जानेवारी

माणूस कळत नाही काय? मी कळवून घेतो! घरोघर निघालो. कोण माणूस, किती दिवस आजारी, खोकला होता का, धाप होती का. सोपं काम, मला वाटलं. पस्तीस वर्षं ज्यांच्या दारात "बरं हाय का" म्हणालो, ते एवढंही सांगणार नाहीत?

पहिला नागेश. त्याचे वडील अण्णा, एकसष्ट वर्षांचे, पोत्याखाली उभे राहणारे गडी. बारा दिवसांच्या तापात गेले. मला माहीत आहे, पाणी सोडताना खोकला रस्त्यापर्यंत ऐकू यायचा.

"तात्या, अण्णांना शुगर हुती."

"शुगर वीस वर्षं हुती. धाप बारा दिवसांची."

नागेशनं इकडं तिकडं बघितलं. मला गोठ्यामागं नेलं. "तात्या, हात जोडतो. अण्णांचं दहावं घातलं तवा वीस माणसांची परवानगी. आमच्याकडं दोनशे पान उठलं. आता कोरोना म्हनलं तर लोक काय म्हनतील? तुमच्या दहाव्यातनं गाव मेलं म्हनतील. आन्..." तिथं थांबला. "...आन् खोटं बी न्हाय ते."

एवढा दांडगा माणूस, दावणीला धरून उभा राहिला.

सात घरं फिरलो. सहा ठिकाणी शुगर, बीपी, झटका, वय. एका ठिकाणी, "तिला लई दिवस बरं न्हवतं." कुणीही नाव देत नाही. भित्रे! आपल्या मेलेल्या माणसाला कारणसुद्धा देत नाहीत! मालनबाईंच्या वस्तीच्या माथी रोग मारून हे मोकळे! वाटेत पाराच्या कठड्यावर बसलो. समोर दगड, गोणपाटात गुंडाळलेला.

१८ जानेवारी, शनिवार

घरचे सांगत नाहीत तर कागद सांगेल. पंचायतीत रतनकडं गेलो. तो तिथला लिपिक, त्या वेळीही मृत्यूच्या नोंदी तोच करायचा. म्हणालो, एप्रिल-मे एकवीस काढ.

काय त्या नोंदी! झटका. झटका. वृद्धापकाळ. झटका. झटका. पोटदुखी. झटका. मी बोट लावून मोजलं — एकवीस झटके! माझा आवाज चढला. "दोन महिन्यांत एका गावाला एकवीस झटके! वीज पडली व्हय रं गावावर? काय मनाला येईल ते खरडलंय! लाज न्हाय वाटली?"

रतन शांत माणूस. चष्मा काढून पुसला.

"तात्या, आमी काय मनानं लिवतो? माणूस घरी गेलं तर घरचे येऊन जे सांगत्यात ते लिवतो. इचारतो, कशानं? ते म्हनतात, झटका. खाली सांगणाऱ्याची सही घेतो. समद्यांच्या सह्या हायेत."

मग रजिस्टर माझ्याकडं फिरवत म्हणाला, "पुढचं पान दावू?"

"नको."

"बरं," रतन म्हणाला. आणि चहा सांगितला. मी न पिता आलो.

१९ जानेवारी

कुणाला भेटलो नाही. म्हशीला उगाच ओरडलो.

२१ जानेवारी, मंगळवार

करुणा घरी आली, संगणक घेऊन. वह्यांतली एकेक तारीख त्यात घालत होती. गोड पोरगी. वृषालीनं तिला तिळाची वडी दिली. मी तारीख वाचायची, तिनं टिपायची. चांगलं चाललं होतं. मग थांबली.

"तात्या, अठ्ठावीस एप्रिल ते एक मे. इथं काहीच नाही."

"नसंल."

"आधी रोज एक-दोन आहेत. नंतर रोज एक-दोन. मधे चार दिवस गावात कोणीच गेलं नाही?"

"पाऊस असंल. फळा भिजला असंल."

"एप्रिलमध्ये?"

"मग लिवायचं राहिलं असंल! माणूस हाय मी, यंत्र हाय का?"

तिनं चौतीस वह्या चाळल्या होत्या. हळूच म्हणाली, "चौतीस वर्षांत दुसरीकडं कुठंच कोरं नाही, तात्या. अनिताताईच्या लग्नादिवशीसुद्धा नोंद आहे. मी ते चार दिवस कोरे धरू की शून्य? कोरं आणि शून्य एक नसतं. शून्य म्हणजे कोणी गेलं नाही. कोरं म्हणजे आपल्याला माहीत नाही."

मी ओरडलो. त्या पोरीवर! म्हणालो, "तुला गावाच्या भानगडी कशाला पाहिजेत? बापजन्मी खडू धरला न्हाय, आन् मला शिकवतीस!" काय काय बोललो. तिनं संगणक मिटला, वह्या नीट एकावर एक ठेवल्या, "येते, तात्या," म्हणाली आणि गेली. तिळाची वडी अर्धी तशीच.

वृषाली दारात उभी होती.

"तिला काय वरडता? तिनं कोऱ्या पानाचं इचारलं. मी तर चार वर्षं इचारलं न्हाय."

२२ जानेवारी

नागेशला भित्रा लिहिलंय मी मागच्या पानावर. खोडावंसं वाटतंय. नको, राहू दे. शेजारी जागा आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

करुणाची माफी मागायला वस्तीत गेलो. ती विहारात होती. ओट्यावर मालनबाई एकट्या.

म्हणालो, "आकडा वाढलाय. तुमचे धरून चव्वेचाळीस. एरवीचे आठ. वरचे छत्तीस."

"आन् नावं?"

"कोनी देत न्हाय. रजिस्टरात नुसते एकवीस झटके."

"हूं." सुपातलं धान्य निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तात्या, तुमची रंगूबाई कुठल्या ढिगात? आठांत का छत्तिसांत?"

"आठांत," म्हणालो. जीभ इतकी सरावलेली!

मालनबाईंनी सूप खाली ठेवलं.

"माझा डबा अजून तुमच्याकडंच हाय, तात्या."

"कसला डबा?"

"गुळवेलीच्या काढ्याचा. साहेबरावांना जाऊन आठ दिवस झाले हुते. रस्त्यानं जाताना तिचा खोकला ऐकला. ओळखीचा खोकला, तोच ऐकत मी आठ दिवस काढले हुते. काढा करून तुमच्या उंबऱ्यावर ठेवला, कडी वाजवली आन् मागं सरले. तुमी दार उघडून घेतला. दुसऱ्या दिशी रिकामा डबा उंबऱ्यावर, परत भरून दिला, तिसऱ्या दिशी परत. चौथ्या दिशी डबा आला न्हाय. मी म्हनलं, संपलं."

मला ऊन सोसेना.

"मी कुनाला बोलले न्हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या दारावर लोक थुकत हुते तरी न्हाय बोलले. माणसाचं दुःख हाय, म्हनलं. पर तात्या, एकवीस झटके गावानं सांगितले, आन् रोग आमचा झाला. ह्ये बी दुःखच हाय की."

घरी आलो. फडताळ उघडलं. वृषालीनं काही न विचारता वरच्या फळीवरून काढून हातात दिला. स्टीलचा डबा, चार वर्षं घासून पुसून ठेवलेला. झाकणावर टिंबटिंबांनी नाव घातलेलं — साहेबराव.

वृषाली म्हणाली, "मला ठावं हुतं, कधीतरी मागाल."

वही, तुलाही मी पाच तारखेला खोटं सांगितलं. एका रात्रीत, म्हणालो. तू कागद आहेस, तुझ्यापुढं लाज कसली! तरी बोललो. रजिस्टरच्या त्या पुढच्या पानावर सही माझी आहे. रतनला माहीत होतं. म्हणून त्यानं चहा सांगितला.

कुणावर चिडत होतो मी महिनाभर?

दगडावरचे ते सात — चौघे तपासलेले, तिघे दवाखान्यात गेलेले. बाकी सगळ्यांसाठी खोटं बोलायला घरी कोणीतरी होतं. प्रेमानंच बोललं. मीही.

२५ जानेवारी, शनिवार

डबा परत दिला. रिकामा देत नाहीत, म्हणून वृषालीनं तिळगूळ भरला. करुणाची माफी मागितली. ती दुपारच्या एसटीनं चिंचवडला मैत्रिणीकडं जातेय, तिच्या हाती हे पत्र. नक्कल इथं ठेवतो:

'चि. अनितास अनेक आशीर्वाद. सर्दी गेली का? जावई, पोरं बरी? इकडं सगळे बरे.

तुझी आई झटक्यानं गेली नाही. अठ्ठावीस एप्रिलपासून ताप, खोकला, धाप. चार दिवस होते, अनिता. तुला बोलावता आलं असतं. बारामतीला नेता आलं असतं. नेलं असतं तर प्लॅस्टिकात गुंडाळून परस्पर गेली असती, म्हणून दार लावून बसलो. तीच म्हणाली, मला हलवू नका, असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. तिला बोलायला दम कुठं होता? मीच ठरवलं. तुझं नाव तिनं दोनदा घेतलं.

उद्या सकाळी सात वाजता, दगडाचं फडकं निघायच्या आत, फळ्यावर लिहितोय. वर साहेबरावांचं नाव, चार वर्षं उशिरा. त्याखाली तिचं, कारणासकट. गावानं वाचायच्या आधी तू वाचावंस.

माझ्यावर चीड. पण फोन करू नकोस, फोनवर मी पुन्हा खोटं बोलेन. लिही. दोन ओळी का होईना, लवकर लिही.

— तात्या.'